अकराव्या वर्षी रिकामी होणारी गल्ली

अकराव्या वर्षी गल्ली पुन्हा रिकामी झाली. शुक्रवारची दुपार होती. पडद्यावर चाळीस घरे होती आणि त्यांपैकी तेवीस घरांवर राखाडी चिन्ह आले होते. राखाडी चिन्ह म्हणजे घर सोडलेले. मी वहीत ‘प्रयत्न चौथा : अयशस्वी’ असे लिहिले आणि खाली रेघ मारली. रेघ सरळ आली नाही.

हे वर्ष खेळातले होते. शहर वसवण्याचे व्हिडिओ गेम असतात, त्यांत खेळणारा रस्ते आखतो, जमिनीचे पट्टे ठरवतो आणि मग माणसे आपोआप येऊन राहतात. ती माणसे खोटी असली तरी त्यांना वय असते, कुटुंब असते आणि नाराजीही असते. नाराजी वाढली की ती निघून जातात. पुण्याची एक कंपनी असा गेम तयार करत होती. त्यात मराठवाड्यातल्या मध्यम शहराचा एक भाग असावा, असे तिने ठरवले आणि ते काम नांदेडच्या आमच्या लहानशा स्टुडिओला दिले. स्टुडिओ म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि तीन माणसे. कोड लिहिणारा मालक फैजल, घरांची चित्रे करणारी प्रतिभा, आणि मी.

माझी ओळख थोडक्यात देते. भूगोल विषयात एम.ए. केल्यावर मी एकोणीस वर्षे महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढीच नोकरी. जूनमध्ये ती पुन्हा मिळेल की नाही, हे मेमध्ये कोणी सांगत नाही. एका जूनमध्ये ती मिळाली नाही. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. फैजल माझा जुना विद्यार्थी. त्याने मला सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतले. वर्गात मी त्याला ‘अरे’ म्हणत असे. आता ‘अहो’ म्हणावे की काय, हे ठरत नसल्यामुळे मी त्याला सहा महिने कोणतेच संबोधन वापरले नव्हते. त्याच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहत असे. तो वर पाही.

माझ्याकडे एकच काम होते. मीडियम डेन्सिटीची वस्ती. सोप्या शब्दांत सांगायचे तर लो डेन्सिटी म्हणजे सुटी सुटी बैठी घरे, हाय डेन्सिटी म्हणजे उंच इमारती, आणि या दोहोंच्या मधली ती मीडियम. एकमेकांना खेटून उभी असलेली दोन-तीन मजली घरे, खाली दुकान, वर कुटुंब, एखाद्या खोलीत भाडेकरू. नांदेड आणि लातूर ही शहरे बहुतांशी अशीच आहेत. त्यामुळे हे काम मला जमेल, असे फैजलला वाटले होते. मलाही वाटले होते.

मंगळवारी पुण्याचा रिव्ह्यू होता. पुण्याचे प्रोड्यूसर, म्हणजे काम वेळेत आणि नीट होते की नाही हे पाहणारे अधिकारी, रणदिवे सर. त्यांनी स्पष्ट कळवले होते की गल्ली वीस वर्षे टिकली नाही, तर ते मधला थर काढून टाकतील आणि तिथे त्यांच्याकडचे तयार चार मजली अपार्टमेंट बसवतील. मधला थर गेला की माझ्या पदाला काम उरत नव्हते. प्रोबेशन त्याच आठवड्यात संपत होते.

“मॅडम, पुन्हा गेले का?” फैजलने खुर्ची न वळवता विचारले.

“तेवीस घरे.”

“मागच्या वेळी एकोणीस होती ना?”

“हो.”

“मंग रस्ता रुंद करून उलटंच झालं की.”

तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला बरे वाटले असते.

चार प्रयत्नांचा हिशेब माझ्या वहीत आहे. या भागात राहिलेल्या माणसाचा पहिला संशय पाण्यावर जातो. म्हणून प्रथम मी जलकुंभ दिला. गल्ली अकराव्या वर्षी रिकामी झाली. मग पिठाच्या गिरणीच्या आवाजावर संशय घेऊन गिरणी चौकात हलवली. तरीही अकरावे वर्ष. मग लातूरच्या अनुभवावरून शेजारी शिकवणीचे क्लास आणि मेस दिली, म्हणजे विद्यार्थी भाडेकरू येतील. ते आले, घरमालकच निघून गेले. चौथ्या वेळी रस्ता रुंद केला, त्यात पुढच्या ओळीच्या ओट्यांवर कुऱ्हाड पडली आणि आणखी चार घरे गेली.

दर वेळी अकरावेच वर्ष का, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. भूगोल शिकलेल्या माणसाला ‘कुठे’ हे चटकन दिसते. ‘केव्हा’ हे उशिरा दिसते.

शनिवारी मी लातूरला गेले. आठवडाभर मी नांदेडला भाड्याच्या खोलीत राहते. शनिवार-रविवार आण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे. आण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि एकटे राहतात. मोठा भाऊ पुण्यात स्थायिक झाला आहे. माझे लग्न झाले नाही. नोकरी धोक्यात आहे, हे मी आण्णांना सांगितले नव्हते. जेवताना त्यांनी विचारले, “तुज्या खेळात माणसं येऊन राहिली का?” मी म्हणाले, “येतात, आण्णा.” ते खोटे नव्हते. येत होतीच.

रविवारी सकाळी चादरी धुतल्या आणि वाळत घालायला गच्चीवर नेल्या. जुनी दोरी तुटली होती. मी नवी दोरी घेतली आणि कोपऱ्यातल्या सळईला तिचे एक टोक बांधले. आमच्या गच्चीवर सहा ठिकाणी कॉलमच्या सळया कमरेएवढ्या वर आलेल्या आहेत. घर बांधले तेव्हापासून त्या तशाच आहेत. आजूबाजूच्या सर्व घरांवरही आहेत. पुढचा मजला चढवायचा झाला तर जुन्या कॉलमला नवा जोडता यावा म्हणून मिस्त्री त्या सोडून ठेवतो.

आण्णा जिना चढून वर आले. एका हातात रिकामी प्लास्टिकची बाटली होती.

“अगं ए, सळईला नको बांधू.”

“का? मजबूत आहे की.”

“वल्ल्या चादरीनं वाकती. उद्या कॉलम उचलायचा म्हणलं की मिस्त्री बोंबलतो.”

“कोण उचलणार आहे कॉलम, आण्णा? दादाचा पुण्यात फ्लॅट आहे.”

“कोण का उचलंना. सळया हायत तवर घर चालू हाय. कापल्या की घर बंद.”

असे म्हणून त्यांनी एका सळईवरची फुटकी बाटली काढली आणि नवी उपडी घातली. पावसाने गंज चढू नये म्हणून ते दरवर्षी हे करतात. मी दोरी सोडली आणि तशीच हातात धरून उभी राहिले.

मला एक गोष्ट आठवली होती.

प्रतिभाने पहिल्या महिन्यात चाळीस घरांची चित्रे केली, तेव्हा प्रत्येक घराच्या माथ्यावर सळया होत्या. त्या मी काढायला लावल्या होत्या. तपासणीच्या कागदावर मी स्वतःच्या अक्षरात शेरा लिहिला होता : ‘दृष्टीस खटकते. वगळावे.’ रणदिवे सर पहिल्या कॉलवर सहज म्हणाले होते, “थोडं क्लीन ठेवा.” ते निमित्त झाले. खरे कारण जुने होते. पूर्वी मी पुण्यात एका चर्चासत्राला गेले होते. कोणीतरी आमच्याकडच्या गच्च्यांचा फोटो पडद्यावर लावला. त्या सळया पाहून सभागृह हसले. मीही हसले होते. पुणेकरांनी पुन्हा हसू नये, एवढाच माझा त्या शेऱ्यामागचा विचार होता.

सोमवारी पहाटेची बस धरली. चाकूर, अहमदपूर, लोहा. तीन तास मी खिडकीतून केवळ छपरे पाहिली. एकही घर पूर्ण नव्हते.

ऑफिसात जाऊन मी गल्लीकडे पाहणे सोडले आणि एकच कुटुंब धरले. घर क्रमांक सतरा. आजी, आई, वडील आणि तेरा वर्षांचा मुलगा. पहिल्या वर्षापासून मी त्यांच्या मागे मागे गेले. मुलगा शाळेत गेला, कॉलेजात गेला. अकराव्या वर्षी तो तेवीस वर्षांचा झाला आणि त्याचे लग्न झाले. घरात पाचवे माणूस आले. घराची क्षमता चार होती. कुटुंब मोठे झाले, आता गेमने काय करावे? घर मोठे करावे. परंतु सळया काढायला लावल्या तेव्हाच फाइलमध्ये मी या घरासमोर ‘पूर्ण’ असे लिहिले होते. पूर्ण घर मोठे होऊ शकत नाही. त्यामुळे गेमने त्याच्याकडे असलेला एकमेव मार्ग घेतला. त्याने ते घर पाडले आणि जागेवर मोठी इमारत उभारायला घेतली. याला गेम तयार करणारे लोक अपग्रेड म्हणतात. बांधकाम चालू असताना कुटुंब बेघर होते. बेघर कुटुंबाने गावाबाहेर बैठे घर पाहिले आणि ते परत आले नाही.

चाळीस घरांत मी जवळजवळ सारख्याच वयाची मुले ठेवली होती, कारण तक्ता नीटनेटका दिसत होता. बहुतेकांची लग्ने अकराव्या वर्षी आली.

मी प्रतिभाकडे गेले. ती जळकोटची. तिचे वडील सेंट्रिंगचे मिस्त्री आहेत, म्हणजे स्लॅब ओतण्याआधी खालचा लाकडी-लोखंडी साचा उभा करणारे.

“प्रतिभा, त्या घरांवर पूर्वी सळया होत्या...”

“होत्या की मॅडम. तुम्हीच काढायला लावल्या.”

“तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत.”

“तुम्ही मॅडम. मी काय बोलू? मला वाटलं, पुस्तकात तसं असंल.” मग ती हळूच म्हणाली, “डिलीट नाही केल्या. लपवून ठेवल्यात. आमचे पप्पा म्हणतेत, सळई कापायला मिनिट लागतो, जोडायला वेल्डर लागतो.”

आता फैजलला सांगायचे होते. चूक माझी होती, ती मी पाच महिने त्याच्यापासून नकळत लपवली होती, आणि दुरुस्ती त्याच्या कोडमध्ये करायची होती. बिल्ड, म्हणजे चालू शकणारा तयार गेम, त्या दिवशी संध्याकाळी ‘फ्रीज’ करायचा होता, म्हणजे त्यानंतर त्यात बदल करता येत नाही. मी माझ्या टेबलाशी बसले आणि ई-मेल लिहिला. प्रास्ताविक, कारणमीमांसा, प्रस्तावित उपाय. तीन परिच्छेद झाले. तीनदा वाचला. मग पाठवला.

दहा फुटांवर फैजलच्या संगणकाने टिंग असा आवाज केला. त्याने वाचले. मग पूर्ण खुर्ची वळवली.

“मॅडम, तुम्ही मला समोर बसून मेल टाकला?”

त्याने पुन्हा पडद्याकडे वळून मेलमधले वाक्य मोठ्याने वाचले.

“‘सदर त्रुटीची संपूर्ण जबाबदारी माझी आहे’... अहो, हे काय कोर्ट हाय का? तोंडानं सांगा ना. खुल के बोलो.”

मी उभी राहून सांगितले. मध्येच मी त्याला “अरे, ऐक तर” असे म्हणाले आणि तो ऐकत राहिला. मी सांगितले की आमच्याकडे घर पाडून मोठे करत नाहीत. कुटुंब खाली राहते आणि वर मजला चढतो. सुनेचा संसार वर मांडला जातो. वस्ती दाट होते ती अशी, एकेका लग्नाने.

“म्हणजे माणूस आत असतानाच बांधकाम,” तो म्हणाला. “गेममध्ये तशी सोयच नाही, मॅडम. नवा प्रकार लिहावा लागंल. आणि आज फ्रीज हाय.”

“किती वेळ लागेल?”

“लागंल तेवढा. तुम्ही चहा सांगा.”

त्याने लिहायला घेतले. प्रतिभाने लपवलेल्या सळया पुन्हा दाखवल्या. मी चाळीस ठिकाणी ‘पूर्ण’ हा शब्द काढून ‘खुले’ असा लिहिला आणि मुलांची वयेही पुढेमागे केली. साडेचारला पहिली चाचणी सुरू झाली. अकरावे वर्ष आले. सतरा क्रमांकावर दुसरा मजला चढला आणि माणसे आतच राहिली. आम्ही तिघे एकदम पुढे झुकलो.

मग तिसरा मजला चढला. चौथा. चौदाव्या वर्षी त्या गल्लीत अकरा मजली घर उभे होते आणि त्याच्याही माथ्यावर सळया होत्या.

फैजलने कपाळावर हात मारला. प्रतिभा मात्र हसू लागली.

“मॅडम, कॉलम नऊ बाय बाराचा हाय. नऊ इंच बाय बारा इंच. त्यावर अजून दोन मजले चढतेत. पुढं नाही. पप्पा बगितले तर झीट येऊन पडतील.”

मर्यादा घातली. दुसरी चाचणी अर्ध्यावर असतानाच साडेसहा वाजले. गल्ली चौदाव्या वर्षापर्यंत टिकलेली पाहिली आणि बिल्ड पाठवावा लागला. पुढच्या सहा वर्षांत काय होणार, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. रिव्ह्यूत वीस वर्षे पाहणार होते.

मंगळवारी अकरा वाजता कॉल सुरू झाला. गेम रणदिवे सरांच्या हातात होता. आम्ही केवळ पाहत होतो. त्यांनी गल्ली जवळ आणली आणि थांबले.

“छतांवर हे काय आहे? अँटेना?”

“सळया, सर,” फैजल म्हणाला.

“काढता येतील का? घरं अर्धवट वाटतात. आपण क्लीन ठरवलं होतं ना?”

फैजलने माझ्याकडे पाहिले. मी माइकचे बटण शोधत होते. ते सापडले तेव्हा लक्षात आले की ते पहिल्यापासून चालूच होते.

“नाही,” मी म्हणाले.

इतका छोटा नकार मी यापूर्वी कोणत्याही वरिष्ठाला दिला नव्हता. पुढे काय बोलावे, याची तयारी नव्हती. म्हणून मी खरे तेच सांगितले. “त्या मी एकदा काढल्या होत्या, सर. सळया काढल्या की ही गल्ली अकराव्या वर्षी रिकामी होते. आपण कृपया पुढे चालवून पाहावे.”

त्यांनी वेग वाढवला. अकरा. बारा. तेरा. एकेका घरावर मजला चढू लागला. चौदा. त्यानंतरचे आम्हीही प्रथमच पाहत होतो. सोळाव्या वर्षी तीन राखाडी चिन्हे एकदम आली. अठराव्या वर्षी त्यांतल्या दोन घरांत भाडेकरू आले. वीस. गल्ली भरलेली होती. प्रतिभाने टेबलाखाली माझा हात दाबला.

“इंटरेस्टिंग,” रणदिवे सर म्हणाले. “पाडापाडी न करता डेन्सिटी वाढतेय. पण हे नऊ नंबर? इथे मजला चढलाच नाही. माणूस म्हातारा झाला, वारला, घर रिकामं. बग आहे का?”

बग म्हणजे कोडमधला दोष. नऊ नंबर म्हणजे ते तिसरे राखाडी चिन्ह. फैजलने कुटुंबाची नोंद उघडली. “बग नाही, सर. या घरात मुलगा नाही. मुलगी आहे. रूलमध्ये मुलाच्या लग्नानंतर मजला चढतो. मुलगी मोठी झाली की गाव सोडते.”

“रूल कोणी लिहिला?”

“मी सांगितला,” मी म्हणाले.

मला बोलणे भाग होते. “हा बग नाही. ही माझी दुसरी चूक आहे. मुलगीही मजला चढवू शकते. लग्न करून, किंवा न करताही. आजच दुरुस्त करते.”

“करा,” रणदिवे सर म्हणाले. “आणि सळया राहू द्या.”

ती दुरुस्ती एका ओळीची होती. फैजलला चार मिनिटे लागली. मधला थर राहिला. शुक्रवारी त्याने मला कायम नेमणुकीचे पत्र दिले, तेही हातात. म्हणाला, “मेल टाकणार होतो, पण म्हणलं मॅडम घाबरतील.” मी त्याला “थँक यू, फैजल” म्हणाले. संबोधनाचा प्रश्न सुटला.

या प्रकरणातून मी एवढेच शिकले की एखादी गोष्ट अर्धवट दिसते म्हणून काढून टाकण्यापूर्वी ती कोणासाठी अर्धवट ठेवली आहे, हे ठेवणाऱ्याला विचारावे. विचारायला एक मिनिट लागते. न विचारल्यामुळे आम्हाला चार प्रयत्न, एक फ्रीज आणि एक अकरा मजली घर लागले.

शनिवारी लातूरला गेले. आण्णा गच्चीवर होते. मी दोरीसाठी भिंतीत दोन खिळे ठोकले आणि सळयांच्या बाटल्या मोजल्या. मग विचारले, “आण्णा, आपला कॉलम किती बाय कितीचा आहे?”

“नऊ बाय बारा. का गं?”

“असंच.”

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. मग सळईवर हात ठेवून म्हणाले, “दोन मजले चढतेत.”